आठवड्यातून एकदा, पिवळी गोळी

आमवाताचं निदान झालं, डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं, मेडिकलमधून गोळ्या घरी आल्या, की पुढचा प्रसंग बऱ्याच घरांत सारखाच घडतो. कुणीतरी मोबाइल उघडतं, गोळीचं नाव टाकतं आणि वाचतं : कर्करोगावरचं औषध. मग आई गप्प होते, मुलगा डॉक्टरांना फोन लावत बसतो आणि शेजारच्या वहिनी सांगतात की, असली जालीम गोळी घेण्यापेक्षा एखादा काढा बरा. काही रुग्ण गोळी इथंच सोडून देतात आणि बोटं वाकडी व्हायला लागली की परत येतात.

मोबाइलनं खोटं काही सांगितलेलं नसतं. मेथोट्रेक्सेट खरोखरच कर्करोगावरचं औषध आहे. रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांच्या उपचारांत ते आजही आहे. पण अंगभर खपल्या धरणाऱ्या सोरायसिसवर त्वचारोगतज्ज्ञही तेच लिहितात. गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला आणि ते वेळेवर लक्षात आलं, तर शस्त्रक्रिया टाळण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ त्याचंच इंजेक्शन देतात. आतड्याच्या क्रोन्स आजारात, डोळ्याच्या आतल्या दाहात, लहान मुलांच्या संधिवातात पुन्हा हेच नाव भेटतं. मग हे औषध नेमकं कशावरचं?

असा प्रश्न पडणं साहजिक आहे, कारण आपण औषधं रोगांच्या नावानं ओळखतो. तापाची गोळी, बीपीची गोळी, शुगरची गोळी. औषधाला मात्र रोगाचं नाव ठाऊक नसतं. ते शरीरात जातं आणि ठरावीक रेणूंना चिकटतं, एवढंच त्याचं काम. तो रेणू कुठल्या पेशींत आहे, तिथं तो काय करत होता आणि औषध किती पोचलं, यावर पुढचं सगळं ठरतं. मेथोट्रेक्सेट ज्या जीवनसत्त्वाचं काम अडवतं, त्याच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली, आणि तीही गिरणगावात.

परळची हाफकिन संस्था जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या इमारतीत आहे. १९२८ साली तिथं ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर आल्या. वय चाळीस. गरोदरपणात आणि बाळंतपणात बायका एवढ्या मोठ्या संख्येनं का दगावतात, याच्या चौकशीत त्यांना सामील करून घेतलं होतं. संस्थेच्या आजूबाजूला कापडगिरण्या, आणि त्यांत राबणाऱ्या बायकांची बाळंतपणं चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांत व्हायची. ‘अंगात रक्त नाही’ हे निदान त्या वस्तीला नवं नव्हतं. विल्सबाईंना सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते मात्र नेहमीचं नव्हतं. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथं पेशी संख्येनं कमी होत्या, पण एकेक पेशी प्रमाणाबाहेर मोठी. लोह देऊन हा पंडुरोग हटत नव्हता.

बाईंचा संशय जेवणावर होता. या बायकांसारखाच निकृष्ट आहार त्यांनी गाभण उंदरांना दिला. उंदीर फिकुटले, मेले, आणि सिद्धान्त सिद्ध झाल्यासारखं वाटलं. पुढे लक्षात आलं की, उंदरांना उवा झाल्या होत्या आणि उवांनी पसरवलेल्या जंतुसंसर्गानंही रक्त घटू शकतं. म्हणजे त्या प्रयोगावर विसंबण्यात अर्थ नव्हता. मग माकडं आली. शेवटी जे लागू पडलं ते अगदीच साधं होतं : मार्माइट. यीस्टचा हा काळपट, खारट, स्वस्त अर्क इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात. तो दिल्यावर माकडंही सुधारली आणि गरोदर बायकाही. १९३१ मध्ये विल्सबाईंनी हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलं. यीस्टमधला नेमका कुठला पदार्थ हे करतो, ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला काही काळ ‘विल्स फॅक्टर’ म्हटलं गेलं. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालक गाळून आटवून त्यातून एक जीवनसत्त्व वेगळं काढलं आणि त्याला फॉलिक ॲसिड असं नाव दिलं. विल्सबाईंचा पदार्थ याच घराण्यातला निघाला. आज आशाताई गरोदर बाईच्या हातात जी लाल गोळी ठेवतात, तिच्यात लोहाच्या जोडीला हेच फॉलिक ॲसिड असतं.

त्या पेशी मोठ्या का होत्या, याचं उत्तर समजलं की या औषधाचं निम्मं कोडं सुटतं. पेशीला दुभंगायचं, म्हणजे एकीच्या दोन व्हायचं, तर आधी तिला आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल तयार करावी लागते. डीएनए ज्या घटकांचा बनतो त्यांतले काही घडवताना कार्बनचा एकेक अणू इकडून तिकडे पोचवावा लागतो, आणि ही ने-आण फॉलेट करतं. फॉलेट अपुरं पडलं तर पेशी वाढत राहते, पण तिची नक्कल पुरी होत नाही आणि ती दुभंगत नाही. मग थोड्याच पेशी तयार होतात, त्याही फुगलेल्या. सर्वांत आधी फटका बसतो तो अस्थिमज्जेला, कारण तिथं क्षणाक्षणाला लाखो रक्तपेशी जन्माला येत असतात.

आता कथा मुंबईहून अमेरिकेत जाते, पण तिथंही एक भारतीय माणूस भेटतो. यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात शिकताना गांधीजींच्या हाकेनुसार खादी वापरू लागले, शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गेली, आणि एमबीबीएसऐवजी कमी दर्जाच्या एलएमएस पदवीवर समाधान मानावं लागलं. त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आतड्याच्या आजारानं थोड्याच अंतरानं गेले. या आजारात फॉलेट नीट शोषलं जात नाही, हे पुढे कळलं. सुब्बाराव बोस्टनला गेले, हार्वर्डमध्ये पेशींतल्या फॉस्फरसवर मूलभूत काम केलं, तरी कायमची जागा मिळाली नाही. १९४० साली ते लेडर्ले या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं त्यांच्या गटानं फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार करून दाखवलं, म्हणजे पालकाच्या गाड्या आता लागणार नव्हत्या. अशा माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत क्वचितच भेटतं, हे मला नेहमी खटकतं.

बोस्टनच्या बालरुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर हे रक्ताच्या कर्करोगानं गेलेली मुलं शवविच्छेदनाच्या टेबलावर पाहून पाहून बेजार झाले होते. त्या काळी हा आजार झालेलं मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जायचं, उपचार नव्हताच. फॉलिक ॲसिडनं मज्जा सुधारते, मग या मुलांना ते देऊन पाहावं, असं त्यांना वाटलं. दिलं, आणि रोग आणखी जोरात उसळल्यासारखा वाटला. या अपयशातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मोठा धाडसी होता : फॉलिक ॲसिडनं कर्करोगाला खतपाणी मिळत असेल, तर ते तोडणारं काहीतरी द्यायला हवं. लेडर्लेच्या मंडळींकडे असे रेणू तयार होते. फॉलिक ॲसिडच्या रेणूत एका ठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी काढून तिथं नायट्रोजनचा गट बसवला की ॲमिनोप्टेरिन बनतं. त्यात आणखी एक छोटा कार्बनचा गट जोडला की मेथोट्रेक्सेट.

एवढासा फरक, पण परिणाम उलटा. पेशीतलं डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नावाचं एन्झाइम फॉलेटला कामाच्या रूपात परत आणत असतं. रसवंतीच्या चरकात उसाऐवजी उसाच्याच जाडीचा बांबू सारला तर तो आत ओढला जातो, पण रस निघत नाही आणि चरक अडकून बसतो. या एन्झाइमचं तसंच होतं. मेथोट्रेक्सेट त्याला फॉलेटसारखंच दिसतं, ते त्याला धरतं, आणि मग सोडता सोडत नाही. फॉलेटचा फेरा थांबतो, डीएनएची नक्कल अडते, पेशी दुभंगत नाही.

जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निकाल जाहीर केले. ॲमिनोप्टेरिन दिलेल्या सोळा मुलांपैकी दहा सुधारली होती. सुधारणा तात्पुरती होती, रोग पुन्हा उलटायचा. तरी मुलांमधला हा रक्ताचा कर्करोग औषधानं मागे हटतो, हे तोवर जगानं पाहिलेलं नव्हतं. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सुब्बाराव वारले. ॲमिनोप्टेरिनचे विषारी परिणाम फार बेभरवशाचे होते, म्हणून थोड्याच वर्षांत त्याची जागा मेथोट्रेक्सेटनं घेतली.

इथं जरा थांबून एक यादी करू या. शरीरात सतत वेगानं दुभंगणाऱ्या पेशी कुठं कुठं असतात? अस्थिमज्जेत, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तरात, केसांच्या मुळांशी, गर्भात, वारेत, आणि कर्करोगाच्या गाठीत. मेथोट्रेक्सेटचे पहिले उपयोग या यादीतून निघाले, आणि दुष्परिणामही याच यादीतून. तोंड येणं, जुलाब, केस विरळ होणं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरणं, गर्भाला व्यंग येणं. उपयोग आणि दुष्परिणाम असे दोन स्वतंत्र तक्ते औषधाच्या माहितीपत्रकात असतात खरे, पण पेशीच्या पातळीवर ते एकच काम असतं. कुठल्या जागी ते आपल्याला हवं आहे, एवढाच फरक.

गर्भ आणि वार यांचं उदाहरण बघा. गर्भधारणेत कधी कधी गर्भाऐवजी द्राक्षांच्या घडासारख्या फुगीर पुटकुळ्या वाढतात, त्याला द्राक्षगर्भ म्हणतात. त्यातून किंवा एरवीच्या बाळंतपणानंतरही, वारेच्या पेशींचा एक दुर्मीळ कर्करोग उद्भवू शकतो : कोरिओकार्सिनोमा. फुप्फुसांत पसरला की त्या काळी बाई वाचत नसे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी अशा बायकांना मेथोट्रेक्सेट दिलं आणि १९५६ साली त्याचे निकाल प्रसिद्ध केले. गाठी विरल्या. पण ली तिथं थांबले नाहीत. वारेच्या पेशी जे संप्रेरक सोडतात, म्हणजे घरगुती गर्भचाचणीच्या पट्टीवर ज्यामुळे दुसरी रेघ उमटते ते, लघवीत अजून थोडं सापडत होतं. एक्स-रेमध्ये गाठ नसली तरी शरीरात कुठंतरी रोगाच्या पेशी आहेत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून संप्रेरक पूर्ण नाहीसं होईपर्यंत ते औषध देत राहिले. गाठ दिसत नसताना रुग्णाला विष पाजताय, असा ठपका ठेवून संस्थेनं त्यांना काढून टाकलं. ज्यांचं औषध लवकर थांबवलं त्या रुग्णांत रोग परतला, लींच्या रुग्ण बऱ्या झाल्या. पसरलेला, गाठीचा कर्करोग निव्वळ औषधानं कायमचा बरा झाल्याचं हे पहिलं उदाहरण. १९७२ साली लींना लास्कर पुरस्कारात वाटा मिळाला. संस्थेनं माफी मागितली की नाही, याला आता फारसा अर्थ नाही, पण गाठ विरल्यानंतरही उपचार चालू ठेवायची रीत पुढे कर्करोगशास्त्रानं सगळीकडे स्वीकारली.

नळीतल्या गर्भावरचा उपचार याच धाग्याचं पुढचं टोक. तिथं कर्करोग नसतो, पण वारेच्या पेशी भलत्या जागी भराभर वाढत असतात आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं. नळी फुटलेली नाही, संप्रेरकाची पातळी फार चढलेली नाही, बाईची तब्येत स्थिर आहे, अशा वेळी इंजेक्शन देऊन ती वाढ थांबवता येते. १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ होऊ लागली. त्यामुळे कित्येक जणींची नळी वाचते. तपासणीला मात्र त्यांना पुन्हा पुन्हा यावं लागतं, कारण संप्रेरक उतरतंय याची खात्री करावीच लागते.

सोरायसिसकडे औषध वळलं ते जवळपास अपघातानं. १९५१ साली ब्रुकलिनमधल्या गुब्नर आणि सहकाऱ्यांनी ॲमिनोप्टेरिन आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं. त्यांचा अंदाज असा की, ते ऊतींची वाढ रोखतं, तर सांध्यांतली सूजही रोखेल. सांध्यांना आराम पडला, आणि सोरायसिसचे चट्टेही निवळताना दिसले. निरोगी कातडीतली पेशी तळातून वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे घेते. सोरायसिसमध्ये हाच प्रवास काही दिवसांत उरकतो आणि कच्च्या पेशींच्या खपल्यांचा थर साचतो. पेशी वेगानं दुभंगतात, औषध दुभंगणं रोखतं, हिशेब जुळला. त्वचारोगतज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट उचलून धरलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याला सोरायसिससाठी अधिकृत मान्यताही मिळाली. गंमत अशी की, हा जुळलेला हिशेब पुढे बराचसा बदलावा लागला. सोरायसिसचं मूळ कातडीच्या पेशींपेक्षा त्यांना चिथावणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींत आहे, असं नंतर स्पष्ट झालं. औषध लागू पडतच होतं, पण त्याच्या कारणाची आपली समजूत बदलली.

आमवाताचं मात्र घोडं अडलं. गुब्नर यांची निरीक्षणं चांगली असूनही धूळ खात पडली, कारण दोनच वर्षं आधी मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोनचा चमत्कार दाखवला होता. अंथरुणाला खिळलेला माणूस काही दिवसांत उठून चालू लागे. १९५० मध्ये त्याला नोबेलही मिळालं. अशा झगमगाटात आठवड्यांनी हळूहळू गुण देणाऱ्या, शिवाय कर्करोगवाल्या औषधाकडे कोण पाहणार? कॉर्टिसोनचे तोटे, सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर, हळूहळू उघड झाले. काही थोडे डॉक्टर आपल्या रुग्णांना कमी मात्रेत मेथोट्रेक्सेट देत राहिले. तुलनात्मक चाचण्यांचे पक्के निकाल १९८० च्या दशकाच्या मध्यावर आले आणि १९८८ साली अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली. पहिल्या निरीक्षणापासून सदतीस वर्षांनी! एवढ्या काळात किती बोटं कायमची वाकडी झाली असतील, असा विचार मनात येतोच.

आता खरी खुबी. आमवातात मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिडची गोळीही देतात, बहुधा दुसऱ्या दिवशी. म्हणजे एका हातानं फॉलेट तोडायचं आणि दुसऱ्या हातानं परत द्यायचं? औषध निव्वळ फॉलेट तोडून काम करत असतं, तर या दुसऱ्या गोळीनं सगळं मुसळ केरात गेलं असतं. तसं होत नाही. तोंड येणं, मळमळ, यकृताची कुरकुर कमी होते आणि सांध्यांचा आराम बहुतांशी टिकतो. याचा अर्थ कमी मात्रेत हे औषध आणखी काहीतरी करत असलं पाहिजे. त्याचं एक चांगलं स्पष्टीकरण असं : पेशीत शिरलेलं मेथोट्रेक्सेट दुसऱ्या एका एन्झाइमलाही अडवतं, त्यामुळे ॲडेनोसिन नावाचा पदार्थ पेशींबाहेर साचतो, आणि ॲडेनोसिन हा शरीराचा स्वतःचा दाह शमवणारा निरोप आहे. सांध्यात जमलेल्या पेशी मरत नाहीत, त्यांचा आरडाओरडा कमी होतो. म्हणून ‘मला किमो देताय का?’ या रुग्णाच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असंच आहे, रेणू तोच असला तरी.

मात्रेतली दरी किती आहे ते पाहा. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. हाडांच्या ऑस्टिओसार्कोमा या कर्करोगात हेच औषध शरीराच्या दर चौरस मीटरला बारा ग्रॅमपर्यंत शिरेतून देतात, म्हणजे प्रौढ माणसाला अठरा-वीस ग्रॅम. शेकडो पटींनी जास्त. एवढी मात्रा एरवी जीवघेणीच. म्हणून दुसऱ्या दिवसापासून ल्यूकोव्होरिन नावाचं, फॉलेटचं तयार रूप द्यायला सुरुवात करतात आणि निरोगी पेशींना वाचवतात. रुग्णालयात भरती, भरपूर सलाइन, रक्तातल्या औषधाची वारंवार मोजणी, असा सगळा सरंजाम. घरात रविवारी जेवणानंतर घेतलेल्या गोळ्यांशी याचा संबंध फक्त नावापुरता.

मात्रेनं औषधाचं काम बदलणं ही काही मेथोट्रेक्सेटचीच खासियत नाही. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅमला रक्त गोठू देत नाही, तीनशेच्या पुढे दुखणं आणि ताप उतरवतं. ॲमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी निघालं, पण रात्री दहा मिलिग्रॅम घेतलं तर मधुमेहातली पायांची आग आणि वारंवार उठणारी अर्धशिशी आटोक्यात येऊ शकते. ती चिठ्ठी वाचून ‘मला वेड लागलंय असं डॉक्टरांना वाटतं’ म्हणून रुसणारे रुग्णही कमी नाहीत. डॉक्टरांनी दोन मिनिटं समजावलं तर हे टळतं. त्यांना ती दोन मिनिटं मिळत नाहीत, हेही तितकंच खरं.

मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत मात्र ही दोन मिनिटं वाचवणं महागात पडू शकतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रक्तातून ते औषध मूत्रपिंडावाटे लवकर बाहेर पडतं, पण पेशींच्या आत त्याला शेपट्या जोडल्या जातात आणि ते आतच अडकून आठवडेच्या आठवडे काम करत राहतं. म्हणून आठवड्याची मात्रा पुरते, आणि म्हणूनच गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पण आपल्याला गोळी म्हणजे रोज, सकाळ-संध्याकाळ, ही सवय. गैरसमजानं कुणी ती रोज घेतली तर मज्जेला सावरायला उसंतच मिळत नाही. तोंड सोलपटतं, ताप येतो, प्लेटलेट कोसळतात. अशा चुकांनी रुग्ण दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. त्यात भर म्हणजे मेथोट्रेक्सेटची गोळी बहुधा पिवळसर, आणि फॉलिक ॲसिडचीही पिवळी. चिठ्ठीवर वाराचं नाव स्पष्ट लिहून घ्यावं, दोन्ही पाकिटं वेगळ्या डब्यांत ठेवावीत आणि गोळी घेण्याचा वार घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असावा. ठरावीक काळानं रक्ताची, यकृताची आणि मूत्रपिंडाची तपासणी चुकवू नये. दारूविषयी डॉक्टरांशी खरं बोलावं. मूल हवं असेल तर आधी सांगावं, कारण गरोदरपणात हे औषध चालतच नाही आणि बायकांना ते काही महिने आधी बंद करावं लागतं.

एवढ्या आजारांवर चालतं म्हटल्यावर पुढची उडी ओघानंच आली. हृदयविकारातही रोहिण्यांच्या भिंतीत दाह असतो, आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांत हृदयविकाराचे झटके कमी दिसतात, अशी निरीक्षणं होती. मग हृदयरुग्णांनाच ते देऊन पाहावं. अमेरिकेत आणि कॅनडात तशी मोठी चाचणी झाली, ४७८६ रुग्णांवर. निकाल २०१८ साली आला : काहीही फायदा नाही. झटके कमी झाले नाहीत, दाहाचे जे घटक उतरतील अशी अपेक्षा होती तेही उतरले नाहीत. उलट काही जणांची यकृताची तपासणी बिघडली, पांढऱ्या पेशी घटल्या. तर्क सुरेख होता, पण ‘दाह’ या एका शब्दाखाली सांध्यातला दाह आणि रोहिणीतला दाह आपण एकत्र बांधले होते, ते वेगवेगळे निघाले. एक औषध अनेक आजारांवर चालतं, म्हणून ते कशावरही चालेल असं मानणारे लेख वाचताना ही चाचणी मला हटकून आठवते.

ज्या एन्झाइमपासून हे सगळं सुरू झालं, ते फक्त माणसात नाही. जिवाणूंतही आहे आणि मलेरियाच्या परजीवीतही, फक्त घडण थोडी निराळी. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या गटानं या निराळेपणाचा फायदा घेऊन जिवाणूंचं एन्झाइम अडवणारं ट्रायमेथोप्रिम आणि मलेरियाच्या परजीवीचं अडवणारं पायरिमेथामिन अशी औषधं घडवली. १९८८ साली या दोघांना नोबेल मिळालं, ज्या वर्षी मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी मान्यता मिळाली त्याच वर्षी. ट्रायमेथोप्रिम जिवाणूंचं एन्झाइम माणसाच्या एन्झाइमपेक्षा हजारो पटींनी घट्ट धरतं, त्यामुळे एरवी आपल्याला त्याचा त्रास होत नाही. सल्फाबरोबर जोडून केलेली त्याची गोळी, को-ट्रायमॉक्सेझोल, आपल्याकडे लघवीच्या आणि पोटाच्या संसर्गावर वर्षानुवर्षं दिली जाते आहे. पण ज्याच्या शरीरात आधीच मेथोट्रेक्सेट आहे, त्याच्या फॉलेटला आणखी थोडा चिमटाही झेपत नाही, शिवाय मेथोट्रेक्सेट बाहेर पडण्याचा मूत्रपिंडातला मार्गही या गोळीनं अडतो. साध्या लघवीच्या संसर्गावर ही गोळी सुरू केली आणि काही दिवसांत रक्तातल्या सगळ्याच पेशी खाली आल्या, असे रुग्ण डॉक्टरांना ठाऊक आहेत. म्हणून मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यानं मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरांसमोर बसताना आधी त्या आठवड्याच्या गोळीचं नाव सांगावं.